हजेरीपट वाचणार कोण?

खरिपाचे धान निघून गेले, की गोंदिया जिल्ह्यातील भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांचे डोळे रोजगार हमीच्या कामांकडे लागतात. तलावाचे खोलीकरण, पांदण रस्ता, धानशेतीची मजगी यांवर जी मजुरी मिळेल तिच्यावर उन्हाळा काढायचा. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली महाराष्ट्राची योजना असो, की २००५ चा केंद्रीय कायदा असो, साऱ्या भांडणाच्या मुळाशी हजेरीपटच असे. त्यात खोटी नावे घुसत, हे खरेच. पण तो कागद हाती धरता येई, चावडीवर वाचून दाखवता येई, मोर्चा नेऊन मागता येई. केंद्रीय कायद्याच्या कलम १७ ने तर सामाजिक अंकेक्षणाचा अधिकारच ग्रामसभेला दिला. १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, हजेरी मोबाइलच्या ॲपवर घेणे सक्तीचे झाले. कोणती हजेरी खरी मानायची याचा नियम तेव्हापासून कोडमध्ये जाऊन बसला, आणि तो कोड ग्रामसभेला वाचता येत नाही.

हे ॲप मजुरांचे छायाचित्र दिवसातून दोनदा मागते. देवरी, सालेकसा यांसारख्या जंगलपट्टीच्या तालुक्यांत मोबाइलला ‘रेंज’ मिळणे हीच एक मोहीम असते. परंतु मूळ चूक याहून निराळी आहे. रोजगार हमीची मजुरी कामाच्या मोजमापावर ठरते: इतके घनमीटर खोदले, इतके दाम. पहाटे यावे, ऊन चढण्यापूर्वी आपला वाटा उरकावा आणि घर गाठावे, ही मजुरांची जुनी व शहाणपणाची रीत. ॲपने मात्र काम म्हणजे उपस्थिती असे गृहीत धरले. मग काम संपवलेल्या बाईने दुसऱ्या छायाचित्रासाठी ताटकळत बसावे, नाहीतर उन्हातान्हात पुन्हा यावे. अडचण आलीच, तर अपवाद करण्याचा अधिकार जिल्हा कार्यक्रम समन्वयकाला. म्हणजे प्रोग्रामची एक ओळ चुकली, तर सालेकशाच्या मजुराने गोंदियाला जाऊन जिल्हाधिकाऱ्यांचे दार ठोठवावे!

बरे, या यातायातीने चोरी तरी थांबली काय? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून कबुली दिली. कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जातात, छायाचित्राचेच पुन्हा छायाचित्र काढून हजेरी भरली जाते, चित्रातील माणसे आणि नोंदीतील माणसे जुळत नाहीत. त्यावर उपाय कोणता सुचवला? ग्रामपंचायतीने सारीच्या सारी छायाचित्रे डोळ्यांनी तपासावीत!

यावर संगणकतज्ज्ञांचे ठरलेले उत्तर असे, की चूक नसलेले सॉफ्टवेअर जगात नाही. कबूल. पण चूक पकडण्याची रीतही जगात आहे, आणि तिच्यात गूढ असे काही नाही. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने ओळ न् ओळ वाचल्याशिवाय मुख्य कोडमध्ये मिसळायचा नाही. प्रत्येक नियमासाठी चाचणी लिहायची आणि प्रत्येक बदलानंतर साऱ्या चाचण्या पुन्हा चालवायच्या. कोणी, केव्हा, कशासाठी बदल केला याची नोंद ठेवायची. नवी आवृत्ती बिघडली तर त्याच दिवशी जुनीवर परतायचे. आणि वापरणाऱ्याची तक्रार ही कटकट न मानता दोष म्हणून नोंदवायची. या ॲपचा प्रयोग मे २०२१ पासून चालू होता. सक्तीपूर्वी दीड वर्ष हाती होते. तरीही दुसऱ्या छायाचित्राची अट तशीच राहिली, ती का?

कोडची गुणवत्ता ही कुणा हुशार प्रोग्रामरची वैयक्तिक पुण्याई नव्हे. ती गटाची शिस्त आहे, आणि शिस्तीला वेळ लागतो. सरकारी कामात तारीख उद्घाटनाच्या सोयीने ठरते. कंत्राटावर घेतलेला तरुण ‘हे अजून तयार नाही’ असे कोणाच्या बळावर म्हणणार? ऑक्टोबर २०१७ मध्ये, ऐन दिवाळीत, राज्य सरकारने कर्जमाफीची प्रमाणपत्रे समारंभपूर्वक वाटली. पाठोपाठ अनेक शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक असल्याचे उघड झाले आणि यादी संकेतस्थळावरून काढून घ्यावी लागली. एका आधार क्रमांकावर एकच माणूस असावा, ही चाचणी कोणताही नवशिका लिहू शकतो. ती दिवाळीपूर्वी कोणी चालवली नाही, किंवा चालवणाऱ्याचे कोणी ऐकले नाही. दोहोंपैकी दुसरी शक्यता अधिक भयंकर आहे.

ब्रिटनमधील टपाल कंपनीच्या ‘होरायझन’ प्रणालीची कथा हेच सांगते. १९९९ पासून तिच्या हिशेबात तूट दिसली म्हणून नऊशेहून अधिक पोस्टमास्तर दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले. संसदेने २०२४ मध्ये कायदा करून शिक्षा रद्द केल्या. चौकशीत तेथील एका माजी अधिकाऱ्याने साक्ष दिली, की हिशेबाचा भाग लिहिणाऱ्या गटात कोड तपासण्याची पद्धत नव्हती, लिहिण्याचे दंडक नव्हते. हा भाग नव्याने लिहावा असा सल्ला १९९८ मध्येच देण्यात आला होता. व्यवस्थापनाने तो मानला नाही. पोस्टमास्तर चोर, यंत्र साव!

एकदा लिहिलेले सॉफ्टवेअर आपोआप टिकत नाही, हे गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला सांगावे लागू नये. कोहळ्यांनी बांधलेले तलाव पिढ्यान् पिढ्या टिकले, कारण पाळ, सांडवा, गाळ यांकडे दरवर्षी गाव पाहत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारजमा झाले आणि डागडुजी कागदावर उरली. गाळ एका वर्षात दिसत नाही. घाईने लिहिलेल्या कोडवर ठिगळे लावत गेले, की असाच गाळ साचतो, आणि मग एक ओळ बदलायलाही प्रोग्रामर भितो.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. तंत्रज्ञानावरचा भर त्यात वाढलाच आहे. सरकारी प्रणालींचा कोड खुला करण्याचे धोरण तर केंद्राने २०१५ मध्येच जाहीर केले, आणि २०२० च्या मे महिन्यात ‘आरोग्य सेतू’चा कोड खुला करूनही दाखवला. मग हजेरीच्या कोडला हा न्याय का नाही? मंत्रालयाने तो खुला करावा, प्रत्येक आवृत्तीच्या चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध करावेत, आणि नोंदलेल्या दोषांची यादी, कोणता दोष किती दिवस पडून आहे यासह, मराठीत देवरीच्या ग्रामसभेपुढे ठेवावी. जोवर दोष दुरुस्त होत नाही, तोवर कागदावरची हजेरी ग्राह्य धरावी, आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी लागू नये.