संगणक-कट्टा: वॉट मोजा, वायरीही बदला



चिरंजीवांच्या संगणकात आम्ही आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड बसवायचे ठरवले. कार्ड एकटेच १७० वॉट घेते. पूर्ण संगणकासाठी एनव्हिडिया ५५० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवते. आमचा होता ४५०चा. नवा आणला, पण सुटणाऱ्या जुन्या वायरी तशाच ठेवल्या. प्लग नीट बसले आणि हार्ड डिस्क जळली. आजीचे फोटो त्यातच होते. प्रयोगशाळेत लेबल वाचल्याशिवाय आम्ही बाटलीला हात लावत नाही. इथे मात्र घाई नडली! सप्लायकडच्या टोकाची जोडणी मॉडेलगणिक वेगळी असू शकते. तेव्हा नव्या सप्लायला त्याच्याच वायरी लावा; आणि त्याआधी फोटोंची दुसरी प्रत काढून ठेवा.