विश्लेषण : पठण झाले, अर्थाचे काय?

रत्नागिरीत कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, त्याला भारतरत्न पां. वा. काणे यांचे नाव आहे. अशा गावात योगदर्शन व संस्कृत पठणाची शनिवार-रविवारची कार्यशाळा शोभतेच. पण दोन दिवसांत साधते काय?

उच्चार सुधारतात, लय बसते. मात्र पतंजलींच्या १९५ सूत्रांत आसनावर थेट तीनच आहेत. मुख्य विषय चित्त. पहिल्या पादातील २८वे सूत्र जपाबरोबर अर्थचिंतनही सांगते. म्हणजे नुसते पठण योगसूत्रांच्याच कसोटीवर अपुरे ठरते.

म्हणून सूत्रे मोजकीच घ्यावीत, अर्थ मराठीत उलगडावा, शंकांना वेळ ठेवावा. नाव नोंदवताना वेळापत्रकात अर्थासाठी किती तास आहेत, हे जरूर विचारा.