धबधबा, कॅमेरा आणि रामाकोना

परवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, "दूधसागरचे फोटो काढायला कुठली लेन्स घेऊ?" हातात मोबाईल, मोबाईलवर दुकानाची यादी. वाइड अँगल, टेलिफोटो, तीन प्रकारचे काळे फिल्टर, कार्बनचा ट्रायपॉड. बेरीज आम्हा दोघांच्या महिन्याच्या पगाराच्या पुढे गेलेली. मी त्याला विचारलं, "तू उभा कुठे राहणार आहेस?" त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. धबधब्याच्या फोटोसाठी सामान निवडायचं तर पहिला प्रश्न तोच. दूधसागरचंच घ्या. उंची 310 मीटर, म्हणजे हजार फुटांच्या वर. तो भरून कोसळतो जून ते सप्टेंबर. आणि नेमकी तेव्हाच कुळेहून आत जाणारी जीप बंद असते. जीप सुरू होते साधारण ऑक्टोबरच्या सुमारास, पाणी उतरणीला लागल्यावर. मग भर पावसात तो दिसतो कुठून? कुळे ते कॅसलरॉक घाटातल्या गाडीतून. खिडकीतून, चालत्या डब्यातून, मिनिट-दोन मिनिटं. तिथे ट्रायपॉड घेऊन काय करणार? डब्यात पाय ठेवायला जागा नसते!

रुळांवरून चालत जाणं हा मार्ग मी मोजत नाही. रेल्वेने त्याला मनाई केली आहे, आणि 2023 च्या जुलैत तर गाडीतून उतरून चालत निघालेल्या ट्रेकर्सना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. तो व्हिडिओ पाहून आपण सगळे हसलो. पण बोगद्यात समोरून गाडी आली तर अंग चोरायला जागा किती उरते, हे ज्याने पाहिलंय तो हसणार नाही.

तर पावसाळ्यातल्या दूधसागरसाठी माझं मत साधं आहे. कॅमेऱ्याबरोबर जी 18-55 लेन्स फुकटात मिळते, तीच न्या. शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपास, आयएसओ लागेल तेवढा वाढवा, थोडी खरखर आली तर येऊ द्या. काच वर, हात आत. लेन्स पुसायला जुन्या पंच्याचा, दहा वेळा धुतलेला तुकडा. नवीन कापड पाणी टिपत नाही, नुसतं पसरवतं. ऑक्टोबरनंतर जीपने गेलात आणि खालच्या डोहाशी उभे राहिलात, तर गोष्ट वेगळी. तिथे वाइड लागतेच. कॅमेरा उभा धरला की 18 मिलिमीटरला साधारण 66 अंश मावतात, तेवढ्यात तो बसतो. पण कॅमेरा वर रोखला की धबधबा मागे कलंडल्यासारखा दिसतो. शक्य तितकं मागे सरकावं, हा त्यावरचा बिनपैशाचा उपाय.

आता काळ्या फिल्टरविषयी. पाणी रेशमासारखं, दुधासारखं दिसावं म्हणून हा फिल्टर लावतात. सहा स्टॉपचा असला तर शटर चौसष्टपट जास्त वेळ उघडं ठेवता येतं. उन्हात त्याचा उपयोग आहे. पण पावसाळ्यात, ढगाखाली, झाडांच्या गर्द सावलीत आयएसओ 100 आणि एफ/11 ठेवलं तर शटर आपसूकच एक अष्टमांश सेकंदावर येतं. वर पोलरायझर चढवला की अर्ध्या सेकंदापर्यंत. पाणी दूध व्हायला तेवढं पुरे. म्हणून पावसाळी प्रवासाला मी एकच फिल्टर सांगतो, पोलरायझर. ओल्या दगडावरची आणि पानांवरची चकाकी तो काढतो आणि हिरवा रंग खाली बसतो. हे काम नंतर कॉम्प्युटरवर करता येत नाही. बाकी बरंच करता येतं.

(आणि मोबाईलवाल्यांनी नाराज होऊ नये. हल्लीचे बरेच फोन अनेक फोटो एकावर एक रचून तोच दुधाळ परिणाम हातात धरूनसुद्धा देतात. भिंतीवर मोठा छापायचा नसेल तर वेगळा कॅमेरा न्यायची गरज आहेच असं नाही.)

पण हे सगळं शहाणपण मला कुठे आलं, तर गोव्यात नाही. आलं रामाकोन्याला.

माझ्या धाकट्या बहिणीला नागपुरात दिलंय. तिच्या सासरचं मूळ गाव रामाकोन्याजवळ. मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात, तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यात. (2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला.) राज्य हिंदी, पाट्या हिंदी, घरात मराठी. आपण गोव्यात बसून मराठीचं काय होणार म्हणून उसासे टाकतो. तिथे 1956 च्या राज्यपुनर्रचनेत पलीकडे राहिलेली माणसं पोळा करतात, संत्र्याच्या बागा राखतात आणि मराठी बोलतात. त्यावर चर्चासत्र वगैरे घेत नाहीत. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

2015 च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिथे गेलो होतो. रामाकोना आणि उमरानाला या दोन स्टेशनांच्या मधे, सिल्लेवानीच्या डोंगरात कुकडी खापा नावाचा धबधबा आहे. पाटीवर 'जलप्रपात', बोलण्यात धबधबा. उंची साठ फूट. म्हणजे आपला दूधसागर त्याच्या सतरापट. मी मनातल्या मनात गोंयकाराला शोभेल असं हसलो. पण सोबत सगळं सामान होतं, हप्त्यावर घेतलेलं. दोन लेन्स, ट्रायपॉड, दहा स्टॉपचा फिल्टर. ते वसूल करायचं होतं.

बहिणीचे सासरे (तिकडे मामाजी म्हणतात, मीही तेच म्हणायचो) बरोबर आले. सत्तरी ओलांडलेले, धोतर, हातात छत्री. धबधबा किती उंच ते फोटोत कळावं म्हणून मी त्यांना पाण्याच्या बाजूच्या खडकावर उभं केलं. ही कल्पना मात्र बरोबर होती. नुसत्या पाण्याच्या फोटोत साठ फूट की सहाशे, कळत नाही. दूधसागरच्या फोटोत खालून पुलावरून गाडी जाते, म्हणूनच तो एवढा प्रचंड वाटतो.

ट्रायपॉड लावला, फिल्टर चढवला, शटर चार सेकंद. मामाजी विचारत होते, "काहून जी पाहुणे, एवढा वेळ का करून राहिले?" मी म्हटलं, "मामाजी, हलू नका." ते हलले. माणूस आहे तो, हलणारच. डोळ्यांवर पाणी उडत होतं, छत्री वाऱ्याने ओढत होती. बारा-पंधरा फोटो काढले. वाऱ्या-तुषारांनी लेन्सवर थेंब, एफ/16 मुळे प्रत्येक थेंब ठळक. मी पुसतोय, पुन्हा लावतोय. सगळं मिळून दीड तास.

परतताना रामाकोना स्टेशनवर छोटी गाडी उभी होती. नॅरोगेज, अडीच फुटांच्या रुळांवरची. ती लवकरच बंद होणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मामाजी म्हणाले, "आता गाडीपाशी माहा एक फोटो काढून द्या." शाळेला, बाजाराला, लग्नाच्या वरातीलासुद्धा ते त्याच गाडीने गेले होते. मी कॅमेरा काढला, तर बॅटरी संपलेली. जादा बॅटरी आणली नव्हती. दहा स्टॉपचा फिल्टर मात्र आणला होता. मोबाईल बहिणीच्या घरी चार्जिंगला. मी म्हटलं, "मामाजी, पुढच्या खेपेला नक्की."

त्याच वर्षी नोव्हेंबर संपता संपता नॅरोगेज बंद झाली. रूळ उखडले, पुढे ब्रॉडगेज आली. त्या गाड्यांची इंजिनं नागपूरला मोतीबागच्या रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळतात. मामाजी 2018 मध्ये गेले. बहिणीने दिवसांसाठी फोटो मागितला, तेव्हा मी हार्ड डिस्क उघडली. पाणी सुंदर. अगदी दूध. आणि खडकावर, जिथे माणूस असायला हवा तिथे, पांढऱ्या धुराचा एक उभा पट्टा आणि वर काळसर डाग, तो छत्रीचा. पंधराच्या पंधरा तसेच. एकात चेहऱ्याचा अंदाज येतो, पण अंदाज हार घालायला चालत नाही. शेवटी भाच्याने त्याच्या स्वस्त मोबाईलवर, पाण्याकडे पाठ करून काढलेला फोटो लावला. धबधबा अर्धा कापलेला, मामाजी मात्र हसताहेत.

खरं तर साठ फुटांच्या त्या धबधब्याला तीस मीटरवरून 35 ची एकच लेन्स पुरली असती, कॅमेरा उभा धरून. शटर एक अडीचशेवर. पाण्याचे थेंब थिजले असते, आणि माणूस माणसासारखा आला असता. दोन्ही हवं होतं तर आधी माणसाचा फोटो घ्यायचा, मग त्याला छत्रीसकट बाजूला बसवून दुधाचे प्रयोग करायचे. एवढं साधं सुचलं नाही, कारण लक्ष सामानाकडे होतं.

आता सहकाऱ्याच्या यादीकडे परत. मी त्याच्या यादीतून टेलिफोटो काढली, काळे फिल्टर तिन्ही काढले. कार्बनच्या ट्रायपॉडऐवजी साधा, थोडा जड सांगितला. पाण्याच्या धक्क्यापुढे हलका ट्रायपॉड थरथरतो, मग मधल्या खुंटीला पिशवी टांगावी लागते. पोलरायझर ठेवला. दोन जादा बॅटऱ्या लिहिल्या, ठळक अक्षरांत. एक झाकणाचा हवाबंद डबा लिहिला, आत सिलिका जेलच्या पुड्या. त्याला तो डबा पटेना. मी त्याला माझी जुनी लेन्स दाखवली, आतल्या काचेवर कोळिष्टकासारखी बुरशी. आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात कपाटातले चामड्याचे पट्टे हिरवे पडतात, तिथे लेन्सचं काय घेऊन बसलात! निळ्या पुड्या गुलाबी झाल्या की भरल्या समजायचं, तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरायच्या. आणि एसी डब्यातून उतरल्यावर बॅग लगेच उघडायची नाही, अर्धा तास तशीच ठेवायची, नाहीतर काचेवर धुकं बसतं.

ड्रोन घेऊ का, असंही त्याने विचारलं. मोलेच्या अभयारण्यात परवानगीशिवाय उडवता येणार नाही म्हटलं, विषय मिटला.

यादी हजारांवर आली. उरलेल्या पैशांत आईला घेऊन गाडीने जा म्हणून सांगितलं. ती म्हणे साठ वर्षं सावर्ड्यात राहून अजून दूधसागरला गेलेली नाही. खिडकीची जागा तिला द्यायची, आणि आधी तिचा फोटो.