जाळणे, पेरणे आणि विचारणे

जनुकीय बदल केलेल्या बियाण्यांवरून आपल्या देशात दोन टोकांची आंदोलने झाली. १९९८ साली कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने बीटी कापसाच्या चाचणीची शेते पेटविली. २०१९ साली अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने मान्यता नसलेले, तणनाशकाला दाद न देणारे कापसाचे बियाणे उघडपणे पेरले. दोन्ही ठिकाणी तळमळ खरी होती. परंतु दोन्ही ठिकाणी उत्तर आधी ठरले होते.

कोरेगावात कापूस पिकत नाही, मग आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. बंधुभगिनींनो, २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कापसाने देशाचे नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र व्यापले आहे. त्याच सरकीची पेंड गोठ्यातील म्हशीपुढे येते आणि तेच तेल फरसाणाच्या कढईत पडते. जनुक आपल्या घरी केव्हाच पोहोचले आहे. आपल्याला विचारण्याचे मात्र राहून गेले.

बीटी म्हणजे विष, असे पुराव्यावाचून सांगणे हा सत्याचा अपलाप आहे. नवे बियाणे म्हणजे मुक्ती, हाही भ्रमच. ज्या गुलाबी बोंडअळीला ते रोखणार होते, तिनेच २०१७ साली विदर्भातील कापूस फस्त केला. तणनाशकाने खुरपणीचा खर्च वाचेल, हे मान्य. पण ज्या भूमिहीन बाईची चूल खुरपणीच्या मजुरीवर पेटते, तिचे मत कोणी घेतले? आणि चोरवाटेने, पावतीशिवाय घेतलेले बियाणे उगवले नाही, तर दाद कोणाकडे मागायची? २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखून ठेवण्याचा आणि नोंदणीकृत वाण फसल्यास भरपाई मागण्याचा हक्क दिला आहे. चोरट्या बियाण्याने त्यातील भरपाईचा हक्क हातचा जातो.

तिसरा मार्ग आपल्याच राज्याने पाहिला आहे. बीटी वांग्यावर निर्णय घेण्यापूर्वी जानेवारी २०१० मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी नागपुरात जाहीर सुनावणी घेतली. देशभरातील अशा सात सुनावण्यांनंतर ९ फेब्रुवारीला त्यांनी स्थगिती दिली, ती स्वतंत्र अभ्यासाने खात्री पटेपर्यंत. परंतु स्थगिती हा निकाल नव्हे, ते कर्ज आहे. बांगलादेशाने २०१३ साली बीटी वांग्याला परवानगी दिली. आपण ना होकार दिला, ना अखेरचा नकार. कृष्णाकाठी वांगी पिकविणारा शेतकरी मात्र अळीसाठी फवारणी करीतच राहिला.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात या विषयावर सरसकट निषेध केला नाही. ज्यांच्यावर परिणाम होणार, त्या सर्वांना सामावून घेणारी व्यापक चर्चा त्यांनी मागितली. म्हणून आपल्या ग्रामसभांनी ठराव करावेत: चाचण्या कंपनीने नव्हे, कृषी विद्यापीठाने उघडपणे कराव्यात, निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध व्हावेत, आणि सुनावणीत शेतमालकाशेजारी खुरपणारी बाईही बसावी. ज्याच्या ताटात अन्न पडते आणि ज्याच्या घामाने ते पिकते, त्याला वगळून घेतलेला निर्णय, मग तो परवानगीचा असो वा बंदीचा, अन्यायच ठरतो.