गेलेली घटका आणि धरलेला हात



‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका 1963 साली सुरू झाली. तिचा नायकच कालप्रवासी, त्यामुळे चाहत्यांना वादाला विषय कधी कमी पडत नाही. त्यांतला एक वाद आपल्यालाही जवळचा आहे. तो 14 मे 2005 रोजी दाखवलेल्या ‘फादर्स डे’ या भागाविषयीचा.

रोझ तान्ही असताना तिचे वडील पीट गाडीखाली सापडले आणि रस्त्यावर एकटेच गेले. गाडीवाला थांबला नाही. मोठी झालेली रोझ डॉक्टरला एवढेच मागते की त्या क्षणी बाबांजवळ कोणीतरी असावे. पहिल्या खेपेला तिचे पाऊल उचलत नाही. दुसऱ्या खेपेला ती धावत जाऊन त्यांना वाचवते. काळाला जखम होते, पंखांचे भयंकर प्राणी माणसे गिळू लागतात, आणि लग्नासाठी जमलेली मंडळी चर्चमध्ये दारे लावून बसतात. पीटला हळूहळू उमगते की ही पोर आपलीच आहे आणि आपण आज जायचे होतो. तो आपण होऊन त्या गाडीसमोर जातो.

चाहते विचारतात, पुढे मालिकेत भूतकाळ इतक्यांदा बदलला, मग ते प्राणी परत का आले नाहीत? त्या जागी दोन रोझ आणि दोन डॉक्टर आल्यामुळे काळ तिथे नाजूक झाला होता, असे उत्तर त्या भागातच आहे. मला ते पुरते. रोझ स्वार्थी होती, हा आरोप मात्र मला पटत नाही. मेलेल्या बापाला समोर चालताना पाहून कोणती लेक हात आवरेल?

जे घडले ते न घडलेले असे देव करू शकतो का, हा प्रश्न 13व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही घेतला होता. त्यांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. देवाचे सामर्थ्य तोकडे म्हणून नव्हे, तर ती गोष्टच परस्परविरोधी आहे म्हणून. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण राहिलेच. थोमाने ते पाहिले.

2020 आणि 2021 साली आपल्यातल्या कितीजणांची माणसे दवाखान्यात एकटी गेली! तैलाभ्यंगही मिळाला नाही. “मी तिथे असते तर” हे वाक्य अजून घराघरांत ऐकू येते. अशांना “देवाची इच्छा, आता विसरा” असे सांगणे मला निष्ठुर वाटते. देव आपल्या घड्याळाला बांधलेला नाही. आज त्या माणसासाठी केलेली प्रार्थना त्या रात्रीच्या खाटेपर्यंत पोचत नाही, असे कोणी कशावरून म्हणावे? (पीटच्या मृत्यूची तारीख 7 नोव्हेंबर 1987 आहे. आपण मृतांसाठी प्रार्थना करतो तोच महिना. योगायोगच म्हणायचा.)

म्हणूनच “शेवटी सगळे पूर्ववत झाले” असे म्हणणाऱ्या चाहत्यांशी माझा खरा वाद आहे. पूर्ववत झाले नाही. पीट गेला, पण या खेपेला गाडीवाला पोरगा थांबला. भागाच्या शेवटी रोझची आई छोट्या रोझला सांगते की एक मुलगी आली होती, बाबा जाईपर्यंत त्यांचा हात धरून बसली होती, आणि ती कोण ते कधीच कळले नाही.