दाताचे दुखणे आणि पात्रतेची चाळणी

आरोग्याच्या प्रश्नावर चर्चा होते तेव्हा दातांचा विषय बहुधा शेवटी निघतो, आणि कित्येकदा निघतही नाही. राज्यकर्त्यांच्या लेखी दात हा जणू शरीराचा अवयवच नव्हे! परंतु दाढेच्या ठणक्याने रात्र जागून काढलेला बांधकाम मजूर किंवा विडी कामगार सकाळी तसाच कामावर जातो, कारण रोज बुडवणे त्याला परवडत नाही. दुखणे असह्य झाले म्हणजे तो दात उपटून घेतो. खिशात पैसा असलेल्याचा तोच दात भरला जातो, वाचतो. एकाच रोगाचे हे दोन शेवट वर्गभेदाने ठरलेले असतात.

दातांचे उपचार मोफत कोणाला मिळतात, या साध्या प्रश्नाला आपल्या देशात सरळ उत्तर नाही. उत्तरादाखल अटी पुढे येतात. त्या अटी श्रमिकांनी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली योजना कामगार राज्य विम्याची. 1948 च्या कायद्याने ती अस्तित्वात आली. कामगार स्वतःच्या वेतनातून वर्गणी भरतो आणि त्या बदल्यात त्याला व त्याच्या कुटुंबाला बाह्यरुग्ण उपचारही मिळतात. दातांचे उपचार त्यांत येतात. म्हणजे हा कोणाचा उपकार नव्हे. परंतु या हक्कालाही वेतनाची मर्यादा आहे. 2017 पासून ती 21,000 रुपये ठेवण्यात आली. संघटनेच्या बळावर कामगाराने वेतनवाढ मिळवावी आणि मर्यादा ओलांडताच वर्गणीचा चालू कालखंड संपल्यावर उपचारांचा हक्क गमवावा, असा हा न्याय आहे! ज्या कंत्राटी कामगाराची मालकाने नोंदच केलेली नाही, त्याच्यापर्यंत तर ही योजना पोहोचतच नाही.

दुसरी योजना केंद्र सरकारच्या विशेष अभिमानाची. 2018 साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले. 2024 साली 70 वर्षांवरील सर्व वृद्धांना, उत्पन्न न पाहता, त्यात घेण्यात आले. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्या रोग्यासाठी आहे. दात भरणे, रूट कॅनाल, कवळी बसवणे यांसाठी कोणी खाटेवर दाखल होत नाही. म्हणून हातात कार्ड असूनही दाढदुखीचा रोगी त्या कार्डाच्या बाहेरच राहतो. तंबाखूने तोंडात झालेला व्रण कर्करोग होऊन शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचला की राज्यसंस्थेची तिजोरी उघडते; तो वेळीच तपासून घेण्यासाठी दंतवैद्याची खुर्ची गावाजवळ असावी, यासाठी मात्र ती उघडत नाही.

महाराष्ट्र सरकारने 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार केसपेपरसह निःशुल्क केले. हे पाऊल स्वागतार्ह होते. परंतु वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्यातून वगळण्यात आली, आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये याच विभागाकडे मोडतात. जेथे तज्ज्ञ आणि यंत्रसामग्री आहे, नेमकी ती दारे या सवलतीच्या बाहेर राहिली.

दातांना असे बाजूला सारण्याचा इतिहास जुना आहे. ब्रिटनमध्ये 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा दातांचे उपचार सर्वांना मोफत होते. वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढलेल्या कामगार वर्गाने कवळ्यांसाठी गर्दी केली. परंतु कोरियातील युद्धाच्या काळात शस्त्रसज्जतेवरचा खर्च वाढवण्यात आला आणि 1951 साली मजूर पक्षाच्याच सरकारने कवळ्यांवर व चष्म्यांवर आकार बसवला. सेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी निषेधार्थ मंत्रिपद सोडले. पुढच्याच वर्षी हुजूर पक्षाच्या सरकारने दातांच्या उपचारांवरही आकार लावला. तोफांसाठी पैसा हवा झाला तेव्हा तो प्रथम गरिबांच्या तोंडातून काढण्यात आला. मोफत सेवेला एकदा फट पडली की ती रुंदावत जाते, हा त्यातला धडा आहे.

सर्वांना उपचार देण्याइतके दंतवैद्य आपल्याकडे नाहीत, अशी सबब सांगितली जाते. ती टिकणारी नाही. देशात 300 हून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि नोंदणीकृत दंतवैद्यांची संख्या अडीच लाखांवर गेली आहे. यांतील बहुसंख्य महाविद्यालये खासगी असून तेथे भरमसाट शुल्क भरून बाहेर पडणारा तरुण ते शुल्क रोग्यांकडून वसूल करण्यास बांधला जातो. उणीव आहे ती सरकारी पदांची आणि सामग्रीची.

मार्ग निघू शकतो, याची उदाहरणे आहेत. ब्राझीलने 2004 साली दंतआरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेमार्फत हाती घेतला आणि 2023 साली त्याला कायद्याचे अधिष्ठान दिले. तेथील उपचारांना उत्पन्नाची अट नाही. केरळात डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना मोफत कवळी देण्याची योजना राबवली. ती पात्रतेच्या चौकटीतलीच होती. तरीही कवळी ही चैन नसून घास चावण्याचे साधन आहे, ही गोष्ट तिने सरकारी दप्तरात मान्य करून घेतली.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्याचे कायम पद असावे. दात उपटण्यापुरतेच नव्हे, तर दात वाचवण्याचे उपचार आणि कवळी उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत मिळावी. शासकीय दंत महाविद्यालयांतील आकार रद्द व्हावेत. कामगार राज्य विम्याची वेतनमर्यादा काढून टाकावी आणि प्रत्येक कंत्राटी कामगाराची नोंद सक्तीची व्हावी.

मागण्यांना बळ येते ते कामातून. बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी काम करणाऱ्या साथींच्या राज्यांतील नियम वेगवेगळे असतील. परंतु चौकशी सर्वत्र सारखीच करता येईल. जवळच्या सरकारी रुग्णालयात दंतवैद्य नेमलेला आहे काय? खुर्ची चालू आहे काय? दात भरण्याचे साहित्य आहे काय, की रोग्याला ते बाहेरून आणावयास सांगतात? दरपत्रक भिंतीवर लावलेले आहे काय? कारखान्यातील किती कामगारांपाशी विम्याचे कार्ड आहे? प्रत्येक शाखेने याची लेखी नोंद करावी आणि ती घेऊन कामगारांसह अधिकाऱ्यांच्या दारात जावे. ज्यांना आज उपचार मिळू शकतात त्यांना ते मिळवून द्यावेत आणि ज्यांना अटींनी बाहेर ठेवले आहे त्यांना लढ्यात सामील करावे.

दुखणे कोणालाही पात्रतेचा दाखला विचारून येत नाही. उपचारालाही तो विचारण्याचा अधिकार असता कामा नये.