विमान गेल्यावर पुन्हा सुरू होणारा धडा

नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षे आम्ही कुर्ल्याच्या एका उर्दू शाळेत शिकवत होतो. मुंबई विमानतळाच्या मोठ्या धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने त्या वस्तीवरून इतकी खाली येतात की त्यांची चाके मोजता यावीत. वर्गात एखाद्या शेराचा अर्थ सांगताना विमान आले की आम्ही थांबायचो आणि ते गेले की पुढे सुरू करायचो. मुलांना त्याचे काहीच वाटत नसे. खिडकीकडे कुणी मान वळवूनही पाहत नसे. सवय झाली म्हणजे त्रास संपला, असे आम्ही धरून चाललो होतो.

ही समजूत चुकीची होती, हे बऱ्याच वर्षांनी जर्मनीतल्या एका अभ्यासाविषयी वाचले तेव्हा कळले. म्युनिक शहराचा जुना विमानतळ रीम या भागात होता. मे १९९२ मध्ये तो बंद झाला आणि शहरापासून दूर नवा विमानतळ सुरू झाला. संशोधकांनी ही संधी आधीच हेरली होती. जुन्या आणि नव्या, दोन्ही विमानतळांजवळच्या साधारण दहा वर्षांच्या मुलांची त्यांनी चाचणी घेतली. एकदा विमानतळ हलण्यापूर्वी, मग वर्षाने आणि पुन्हा दोन वर्षांनी. जुन्या विमानतळाजवळची मुले वाचनात आणि वाचलेले लक्षात ठेवण्यात मागे होती. विमाने गेल्यावर ती सुधारली. नव्या विमानतळाजवळची मुले मात्र आता मागे पडू लागली. मुले तीच होती. बदलला होता तो फक्त डोक्यावरचा आवाज.

पुढे लंडन, ॲमस्टरडॅम आणि माद्रिदच्या विमानतळांभोवतीच्या शाळांतही असाच मोठा अभ्यास झाला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या मुलांबाबत दिसले ते असे, की विमानांचा आवाज ५ डेसिबलने वाढला तर मूल वाचनात सुमारे दोन महिने मागे पडते. मूल आवाजाला सरावते, तेव्हा ते फक्त विमानच ऐकेनासे होते असे नाही. बाईंचे किंवा सरांचे बोलणेही निसटू लागते.

म्हणूनच विमान शांत करण्यासाठी चाललेले संशोधन आम्हा शिक्षकांच्या दृष्टीने शाळेचाही विषय आहे.

विमानाचा आवाज येतो कुठून? बागेतल्या पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी फर्रकन जोरात सुटते. जुन्या जेट इंजिनांचे तसेच होते. सगळी हवा आतल्या भट्टीतून जाई आणि मागून अरुंद, तापलेला, अतिवेगवान झोत बाहेर पडे. हा झोत भोवतीच्या हवेवर आदळला की गडगडाट होई. जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञाने १९५२ मध्ये मांडून दाखवले, की झोताचा वेग दुप्पट झाला तर आवाजाची शक्ती २५६ पट होते. तेव्हा उपायही त्यातूनच निघाला. थोडी हवा वेगाने फेकण्याऐवजी पुष्कळ हवा सावकाश ढकलायची.

त्यासाठी इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा आला. आजच्या नव्या इंजिनांत भट्टीतून जाणाऱ्या हवेच्या दहा-बारा पट हवा भट्टीला वळसा घालून बाहेरून जाते. काही इंजिनांत पंखा आणि आतले चक्र यांच्यामध्ये गिअर बसवला आहे. त्यामुळे पंखा चक्राच्या साधारण एक-तृतीयांश वेगाने फिरतो. अशी विमाने २०१६ पासून प्रवासी नेत आहेत. आवाज कमी झाला आणि इंधनही आधीच्या विमानांपेक्षा सुमारे १५ टक्के वाचले.

पण कुर्ल्यात ऐकू येतो तो उतरणाऱ्या विमानाचा आवाज. तेव्हा इंजिन मंद असते. बाहेर काढलेली चाके आणि पंखांमागच्या उघडलेल्या झडपा यांवर वारा आपटून मोठा आवाज होतो. अमेरिकेच्या नासाने चाकांभोवती सच्छिद्र आवरण आणि झडपांची फट बुजवणारा लवचिक भाग बसवून एका छोट्या जेटची चाचणी घेतली. २०१८ मध्ये सांगितलेल्या निष्कर्षांनुसार विमानाच्या सांगाड्याचा आवाज ७० टक्क्यांहून अधिक कमी झाला. मात्र चाचणीतली गोष्ट रोजच्या विमानांवर यायला वर्षे लागतात.

धुराचा प्रश्न याहून वेगळा आहे. जगभर माणसाच्या व्यवहारातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यात विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. त्यावरच्या एका उपायाचे धागे आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतात. रमजानमध्ये भजी, समोसे तळून काळे पडलेले तेल आपण टाकून देतो. अशा तेलापासून विमानाचे इंधन बनते. नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनहून न्यूयॉर्कला एक प्रवासी विमान खनिज इंधनाशिवाय गेले. त्याचे इंधन मुख्यतः वापरलेल्या तेलापासून आणि टाकाऊ चरबीपासून बनवले होते. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका विमानात देशातच तयार केलेले जैवइंधन थोड्या प्रमाणात मिसळले होते. ते पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने इंडियन ऑइलच्या साथीने पुरवले. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०३० पर्यंत ५ टक्के असे इंधन मिसळण्याचे आपल्या सरकारचे लक्ष्य आहे.

पण इंधन स्वच्छ झाले म्हणून वर्गातला आवाज कमी होत नाही. कधी कधी तर हे दोन हेतू एकमेकांच्या आड येतात. २०२१ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या इंजिन कंपन्यांनी उघड्या पंख्याच्या इंजिनाचा प्रकल्प जाहीर केला. इंधन २० टक्के वाचवायचे हा त्यांचा उद्देश आहे. पण पंख्याभोवतीचे जे कवच आवाज अडवते, तेच त्यात नसते. त्यामुळे तो पंखा शांत कसा ठेवायचा, हे त्या संशोधकांपुढचे मोठे काम आहे. म्हणून ‘पर्यावरणपूरक विमान’ अशी बातमी वाचाल तेव्हा ते खालच्या माणसाला किती ऐकू येईल, हेही विचारायला हवे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथे आसपास शाळा आहेत आणि नव्या उभ्या राहतील. विमानाच्या वाटेखाली, मग ती कुर्ल्यात असो वा उलव्यात, ज्यांची मुले शिकतात त्यांनी पालकसभेत तीन गोष्टी विचाराव्यात. वर्गात आवाज किती आहे, हे कुणी मोजले आहे का? खिडक्यांना दुहेरी काच बसवता येईल का? पंखे आणि हवा यांची सोय करून खिडक्या बंद ठेवता येतील का? इंजिने शांत होण्याची वाट पाहत बसले तर आज चौथीत असलेले मूल दहावी होऊन जाईल.

आपणही विमानाने जातोच. कुणी उमरहला जाते, कुणी आखातात नोकरी करणाऱ्या मुलाला भेटायला. मुंबईत उतरताना खिडकीतून खाली दाटीवाटीची छपरे दिसतात. त्यातले एखादे छप्पर शाळेचे असते आणि तिथे एक शिक्षक आपले विमान जाण्याची वाट पाहत थांबलेला असतो.